हेथेलचे काँक्रीट

इंग्लंडच्या पूर्वेस उत्तर समुद्राकडे पुढे सरकलेला जो सपाट शेतीचा मुलूख आहे, त्यातील नॉर्फोक परगण्यात, नॉरिच शहराच्या नैर्ऋत्येस सुमारे सात मैलांवर हेथेल नावाचे एक गाव आहे. आणि ते इतके लहान आहे की, त्याचे पुरातन चर्च, विखुरलेल्या शेतवाड्या आणि चर्चजवळचा एक जराजर्जर हॉथॉर्न वृक्ष एवढ्यांचा उल्लेख केला म्हणजे त्याची १९४२ पूर्वीची बखर जवळजवळ आटोपते. हा वृक्ष सुमारे सातशे वर्षांचा असावा असे मानतात, आणि नॉर्फोकच्या वन्यजीव न्यासाने त्याला, एकट्याला, राखीव क्षेत्राचा दर्जा दिलेला आहे. ज्या गावाच्या वाट्याला सात शतकांत एका काटेरी झाडापलीकडे कीर्ती आली नाही, त्याच्या शेतांवर पुढच्या पाव शतकात प्रथम अमेरिकेच्या बाँबफेक्या विमानांनी आणि मागाहून लोटस कंपनीच्या मोटारींनी मुक्काम ठोकला. अशा स्थित्यंतराचे वर्णन करताना तलवारी मोडून नांगराचे फाळ घडविण्याची बायबलातील उपमा योजण्याचा शिरस्ता आहे. हेथेलच्या बाबतीत ती मला कधीच पटलेली नाही; कारण विमाने गेली आणि मोटारी आल्या तरी तेथे चालणाऱ्या विद्येचा गाभा, म्हणजे किती भार उचलावा, किती टाकावा आणि त्या हिशेबात माणसाचा जीव किती स्वस्त धरावा हे ठरविण्याची विद्या, फारशी पालटली नाही.

हा तळ उभारला गेला तो युद्धकाळातील सरकारी शिरस्त्याप्रमाणे. शत्रूच्या मुलखावर बाँबवर्षाव करावयाचा तर विमानांना सपाट, मोकळी आणि समुद्राच्या पलीकडील किनाऱ्याला जवळची भूमी पाहिजे, आणि ती पूर्व इंग्लंडइतकी दुसरीकडे कोठे नव्हती. म्हणून सरकारने तेथील गव्हाची आणि बीटची शेते एकामागून एक ताब्यात घेतली, कुंपणे उपटली, ओढे नळांत कोंडले आणि चिकणमातीवर काँक्रीटचे थर घातले. जड बाँबफेक्या विमानांसाठी हवाई मंत्रालयाने जो नमुना ठरविला होता, त्यात एक मुख्य धावपट्टी दोन हजार यार्ड लांब आणि पन्नास यार्ड रुंद, तिला छेदून जाणाऱ्या आणखी दोन धावपट्ट्या प्रत्येकी चौदाशे यार्डांच्या, सभोवार पन्नास फूट रुंदीचा वळसा घालणारा मार्ग आणि त्या मार्गाला लागून विमाने विखरून उभी करण्याचे पक्के ओटे, अशी योजना असे. तीन धावपट्ट्या अशासाठी की वारा कोणत्याही दिशेने आला तरी विमानाला त्याच्या सामोरे उडता यावे. आणि विमाने विखरून ठेवावयाची ती अशासाठी की एका बाँबने सारी हानी होऊ नये. या नकाशात सौंदर्याचा विचार कोणी केला नव्हता. परंतु लांब सरळ पट्टा, त्याच्या टोकाशी वळणे, आणि सभोवती मैलोगणती लोकवस्ती नाही, अशी ही जी रचना सरकारी खजिन्यातून साकार झाली, ती कोणत्याही खाजगी कारखानदाराला स्वतःच्या खर्चाने कधी करता आली नसती, ही गोष्ट पुढील हकीकतीच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

१९४३ च्या जून महिन्यात तेथे अमेरिकन वायुसेनेचा ३८९ क्रमांकाचा जड बाँबफेका गट दाखल झाला. त्याची विमाने बी-२४ जातीची, लिबरेटर नावाची: चार एंजिने, एकशे दहा फुटांचे लांब, अरुंद पंख आणि दहा माणसांचा ताफा. दिसावयास हे विमान बेढब, पोट फुगलेले. पण त्या अरुंद पंखांच्या बळावर ते दूरवर जाई आणि पुष्कळ ओझे नेई, आणि सेनाधिकाऱ्यांच्या दप्तरात देखणेपणाचा रकाना नसतो. ही विमाने कोठे घडत होती हेही पाहण्यासारखे आहे. मिशिगन संस्थानात विलो रन येथे फोर्ड कंपनीने मोटारी जुळविण्याच्या पद्धतीने लिबरेटर जुळविण्याचा प्रचंड कारखाना काढला होता. तेथून आठ हजार सहाशे पंचाऐंशी विमाने बाहेर पडली, आणि ऐन भरात ताशी एक या वेगाने बाहेर पडली. म्हणजे मोटारवाल्यांनी घडविलेली विमाने हेथेलच्या धावपट्टीवर उतरत होती, त्या वेळी त्याच धावपट्टीवर पुढे मोटारी घडतील हे कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

या गटाला नॉर्फोकात स्थिरस्थावर होण्यास अवकाश मिळालाच नाही. आल्या आल्या त्याला शेतांवरून झाडांच्या शेंड्यांइतक्या उंचीने उडण्याचा सराव करण्याचा हुकूम झाला, आणि एवढ्या अवजड विमानांनी असे जमिनीला चिकटून का उडावे याचा उलगडा वैमानिकांना झाला तो आफ्रिकेत, लिबियाच्या वाळवंटात नेऊन ठेवल्यावर. रुमानियातील प्लोएश्टीच्या परिसरात जे तेलशुद्धीचे कारखाने होते, त्यांवर जर्मनीची युद्धयंत्रे चालत होती. ते कारखाने अगदी खालून जाऊन उडवावयाचे होते. १९४३ च्या ऑगस्टची पहिली तारीख, रविवारचा दिवस. पावणेदोनशेच्या आसपास लिबरेटर बेंगाझीच्या परिसरातून निघाले, आणि त्यांपैकी पन्नासाहून अधिक परत आले नाहीत. हेथेलच्या गटाकडे प्लोएश्टीच्या वायव्येस डोंगराच्या कडेला असलेल्या कंपिना येथील कारखाना सोपविलेला होता. त्या गटाच्या पिछाडीच्या रांगेत लॉइड ह्यूज नावाचा बावीस वर्षांचा सेकंड लेफ्टनंट होता. लक्ष्याजवळ पोचण्यापूर्वीच तोफांच्या माऱ्याने त्याच्या विमानाच्या टाक्या फुटल्या; पेट्रोलच्या धारा लागल्या; पुढच्या विमानांनी टाकलेल्या बाँबनी कारखाना पेटलेला, आणि त्या ज्वाळांतून पार व्हावयाचे. बाजूला मोकळी शेते होती, तेथे उतरता आले असते. तो वळला नाही. विमान आगीत शिरले, बाँब लक्ष्यावर पडले, आणि बाहेर आले तेव्हा डावा पंख पेटलेला होता. मग त्याने एका नदीच्या पात्रात उतरण्याचा यत्न केला, तेथे ते विमान कोसळले. दहांपैकी दोघे जगले. ह्यूजला अमेरिकेचे सर्वोच्च शौर्यपदक मरणोत्तर देण्यात आले, आणि कंपिनाचा कारखाना युद्ध संपेतो पूर्ववत झाला नाही. लष्करी जमाखर्चात हा व्यवहार फायद्याचा ठरला. ज्या लिबरेटरांच्या बाँबकोठ्यांत दूरच्या पल्ल्यासाठी जादा पेट्रोलच्या टाक्या बसविल्या होत्या, त्यांना आगीतून पाठविताना हा जमाखर्च ज्यांनी मांडला, त्यांची नावे मात्र कोणत्याही स्मारकशिलेवर नाहीत.

आफ्रिकेतून परतल्यावर १९४५ च्या एप्रिलअखेरपर्यंत हेथेलचे जीवन जवळजवळ एका ठरीव क्रमाने चालले. पहाटेच्या काळोखात मोहिमेची माहिती, मग विमाने एकामागून एक उडावयाची, मग ढगांवर जाऊन शेकडो विमानांतून आपला गट हुडकावयाचा. त्यासाठी प्रत्येक गटाजवळ भडक रंगांच्या पट्ट्यांनी रंगविलेले एक जुने विमान असे, तेच आकाशात घिरट्या घाली आणि इतरांना गोळा करी. हेथेलच्या अशा विमानाचे नाव ‘ग्रीन ड्रॅगन’ होते. या टापूतील गटांच्या डिव्हिजनचे वरिष्ठ ठाणे हेथेलपासून हाकेच्या अंतरावर केटरिंगहॅम हॉल या जमीनदारी वाड्यात बसले होते. हेथेलवरच दुसऱ्या लढाऊ विंगचे ठाणे होते, आणि त्यात चित्रपटांचा नामांकित नट जेम्स स्ट्युअर्ट अधिकारी म्हणून काम पाहत होता. तो दिखाऊ अधिकारी नव्हता. स्वतः मोहिमांवर गेलेला होता. तळावरच्या प्रार्थनाघराच्या भिंतीवर कोणा सैनिकाने क्रूसावरील ख्रिस्ताचे चित्र रंगविले, ते अद्याप आहे. नॉरिचच्या ग्रंथालयात या संपूर्ण डिव्हिजनच्या मृतांची जी नोंदवही ठेवली आहे, तिच्यात सात हजारांच्या जवळपास नावे आहेत.

युद्ध संपले आणि अमेरिकन गेले. काही काळ मस्टँग जातीची लढाऊ विमाने घेऊन पोलिश स्क्वाड्रन तेथे राहिल्या, ज्यांच्या सैनिकांना जिंकूनही स्वतःच्या देशात परतण्याची सोय उरली नव्हती. मग तेही पांगले आणि तळ ओस पडला. पूर्व इंग्लंडात अशा ओस तळांची रांगच लागली होती. कोठे काँक्रीट फोडून त्याची खडी रस्त्यांना घातली, कोठे पुन्हा नांगर फिरला, कोठे धावपट्ट्यांवर टर्की कोंबड्यांची लांबच लांब खुराडी उभी राहिली, तर नॉरिचच्या वेशीवरील एक तळ शहराचा नागरी विमानतळ झाला. विमानांची गत याहून वाईट झाली. अमेरिकेत ती हजारोंनी वितळवून अॅल्युमिनियमच्या लगडी केल्या.

परंतु लिबरेटरची एक शाखा आपल्याकडे वाढली, आणि तिची हकीकत थोडक्यात सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही. ब्रिटिश वायुसेनेने कानपूरला टाकून दिलेले, आणि पुन्हा उडू नयेत म्हणून बुद्ध्या मोडतोड केलेले, जे लिबरेटर होते, त्यांतील चाळिसांच्या आसपास विमाने हिंदुस्थान एअरक्राफ्ट या बंगलोरच्या कारखान्याने दुरुस्त करून भारतीय वायुसेनेला दिली. त्यांच्यावर १९४८ मध्ये पाच क्रमांकाची स्क्वाड्रन उभी राहिली, आणि १९५१ पासून सहा क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे लिबरेटर पुण्याहून समुद्रावर टेहळणीसाठी जाऊ लागले. लोहगावच्या आसपासच्या ज्या खेडुतांनी त्यांची घरघर ऐकली असेल, त्यांना ते रुमानियातील आगीतून गेलेल्या विमानांचे सख्खे भाऊबंद आहेत हे कोण सांगणार? ही विमाने १९६८ पर्यंत सेवेत होती, आणि लंडनच्या वायुसेना-संग्रहालयात आज जो लिबरेटर आहे, तो भारताने दिलेला आहे. आता हा बंगलोरचा कारखाना १९४० मध्ये काढला कोणी? सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी; आणि त्यांना मुळात काढावयाचा होता तो मोटारींचा कारखाना. सरकार मोटारीला परवानगी देईना, युद्धामुळे विमानाला मिळाली. दोन वर्षांत सरकारने तो कारखाना स्वतःकडे घेतला, आणि मग वालचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापून कुर्ल्याला मोटारी काढल्या. विमान आणि मोटार यांची ही सोयरीक एकट्या इंग्लंडची नाही.

इंग्लंडात ती सोयरीक प्रथम जुळली शर्यतींच्या निमित्ताने. युद्धापूर्वीचा ब्रुकलंड्सचा प्रसिद्ध शर्यतमार्ग युद्धात विमान-कारखान्यांनी गिळला होता, सार्वजनिक रस्त्यांवर शर्यती लावण्यास कायद्याची बंदी होती, आणि वेगाची हौस तर युद्धाने वाढविली होती. तेव्हा हौशी मंडळींची नजर ओस तळांवर गेली. सिल्व्हरस्टोन, जेथे वेलिंग्टन बाँबफेक्या विमानांचे वैमानिक तयार होत, तेथे १९४८ मध्ये शर्यत झाली आणि १९५० च्या मे महिन्यात विश्वविजेतेपदाची पहिली शर्यतही झाली. गुडवुड आणि नॉर्फोकातलेच स्नेटरटन हेही असेच जुने तळ होत. तळाभोवती विमाने फिरविण्यासाठी घातलेला वळसा हाच शर्यतीचा मार्ग झाला. ब्रिटिश मोटारशर्यतींची सारी घडण, वळणांची सपाटी, जोराचा वारा आणि आडोशाचा संपूर्ण अभाव, या सरकारी नकाशातून आलेली आहे.

लोटसचा संस्थापक कॉलिन चॅपमन हा या हौशी पिढीचा माणूस. लंडनच्या हॉर्न्सी भागातल्या एका खाणावळवजा दारूच्या गुत्त्याचा मालक हा त्याचा बाप. युनिव्हर्सिटी कॉलेजात तो बांधकाम-अभियांत्रिकी शिकला, तेथेच विमान चालवावयास शिकला, वायुसेनेत थोडा काळ राहिला, आणि पुढे ब्रिटिश अॅल्युमिनियम कंपनीत नोकरीस लागला. १९४८ मध्ये त्याने जुन्या ऑस्टिन सेव्हनवरून पहिली गाडी केली. १९५२ मध्ये बापाच्या गुत्त्यामागील तबेल्यात, भावी पत्नीकडून उसन्या घेतलेल्या पंचवीस पौंडांच्या भांडवलावर, लोटसचा कारखाना थाटला. त्याच्या पहिल्या सुडौल गाड्यांचा आकार काढला तो डी हॅविलँड विमान-कंपनीतल्या फ्रँक कॉस्टिनने. गाडीतला प्रत्येक भाग साधा करावा, आणि मग त्याचे वजन उतरवावे, या एकाच मंत्राचा चॅपमन आयुष्यभर जप करीत राहिला. आणि बळ वाढविण्यापेक्षा भार घटविणे श्रेयस्कर, हा विचार मोटारीच्या धंद्यातला नसून निखळ विमानवाल्याचा आहे. १९६२ मध्ये त्याने शर्यतीच्या गाडीचा नळ्यांचा सांगाडा काढून टाकून तिची कायाच, विमानाच्या कायेप्रमाणे, भार पेलणारी केली. त्याच वर्षीच्या इलान नावाच्या रस्त्यावरच्या गाडीत पोलादी कण्यावर फायबरग्लासची काया बसविली होती, आणि तिचे वजन सातशे किलोंच्याही आत राहिले.

धंदा चालण्यास बुद्धीइतकीच कराच्या कायद्यातली एक फट उपयोगी पडली. तयार मोटारीवर खरेदीकर होता, सुट्या भागांवर नव्हता. म्हणून लोटस आपल्या गाड्या भागशः विकी आणि गिऱ्हाईक त्या घरी जुळवी. जुळणीच्या सूचना देण्यास मनाई होती, तेव्हा गाडी मोडावी कशी याच्या सूचना देत आणि गिऱ्हाईक त्या उलट क्रमाने वाचत, अशी आख्यायिका आहे. १९७३ च्या एप्रिलमध्ये मूल्यवर्धित कर आला आणि ही फट बुजली.

हॉर्न्सीहून चेशंट, आणि चेशंटला जागा अपुरी पडल्यावर १९६६ च्या अखेरीस हेथेल. जमीन स्वस्त होती. शेजारी नॉरिचसारखे शहर होते. चॅपमन स्वतः विमान चालवीत असल्यामुळे धावपट्टीचा त्याला दुहेरी उपयोग होता. आणि मुख्य म्हणजे गाडी बनली की फाटकाबाहेर न पडता तिला भरवेगाने पळवून पाहण्यास पट्टा आयता मिळाला. लढाईसाठी ओतलेल्या काँक्रीटवर करदात्यांचा जो पैसा पडून होता, त्याचे व्याज असे एका हिकमती अभियंत्याने वसूल केले. पुढच्याच वर्षी जूनमध्ये तेथे घडलेली लोटस ४९ ही गाडी हॉलंडात झांडफोर्ट येथे प्रथमच उतरली आणि चालक जिम क्लार्कने तिच्यासह शर्यत जिंकली. त्या गाडीत चालकाच्या पाठीमागे सांगाडाच नव्हता. एंजिन हाच सांगाड्याचा उत्तरार्ध होता. त्यानंतर ग्रॅहम हिल, योखेन रिंट, इमर्सन फिटिपाल्डी आणि मारियो अँड्रेटी हे हेथेलच्या गाड्यांवर विश्वविजेते झाले.

यांतील अँड्रेटीची १९७८ ची गाडी मला या साऱ्या प्रकरणाचा कळस वाटते. १९७० नंतरच्या दशकात चॅपमनने शर्यतीच्या विभागाचे बिऱ्हाड केटरिंगहॅम हॉलमध्ये, म्हणजे जेथे अमेरिकन सेनापतींचे ठाणे होते त्याच वाड्यात, नेले. तेथे एक प्रश्न मांडण्यात आला: पंख विमानाला वर उचलतो, तर तोच उलटा करून गाडीच्या पोटाखाली बसविला तर तो तिला जमिनीशी दाबून धरील का? डी हॅविलँडच्या मॉस्किटो या बाँबफेक्या विमानाच्या पंखात रेडिएटर बसविण्याची जी युक्ती होती, तिच्यावरून चॅपमनला ही कल्पना सुचली असे सांगतात. गाडीच्या दोन्ही बाजूंना उलट्या पंखांच्या आकाराच्या पोकळ्या केल्या, कडांना जमिनीपर्यंत पडदे लावले, आणि गाडी वळणावर रस्त्याला चिकटून जाऊ लागली. वजन रतिभर न वाढविता भाराचे फळ मिळाले. जेथून तीस वर्षांपूर्वी अवजड विमाने भूमीचा संबंध तोडण्यासाठी धडपडत होती, तेथे त्याच शास्त्राची पाने उलट्या बाजूने वाचली गेली.

आणि तरीही जमाखर्चाची दुसरी बाजू कोरी नाही. जिम क्लार्क १९६८ च्या एप्रिलमध्ये हॉकेनहाइमला लोटसमध्ये मेला. त्याच्या जागी इंडियानापोलिसला गेलेला माइक स्पेन्स महिन्याभरात गेला. रिंटने आदल्या वर्षीच्या अपघातानंतर चॅपमनला पत्र लिहून गाड्यांच्या भक्कमपणाविषयी शंका व्यक्त केली होती; १९७० च्या सप्टेंबरात मोंझाला सरावाच्या वेळी त्याच्या गाडीचा ब्रेकचा दांडा तुटला, आणि त्या वर्षीचे विजेतेपद त्याला मरणोत्तर मिळाले. १९७८ मध्ये मोंझाच्याच अपघातानंतर रॉनी पीटरसन दगावला. प्रत्येक मृत्यूचे कारण वेगळे आहे आणि सर्वांचा दोष एकाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. त्या काळी इतरांच्या गाड्यांतही माणसे मरत होती. तथापि जो अभियंता एखादा भाग तुटेपर्यंत हलका करतो आणि मग एक पाऊल मागे घेतो, त्याच्या हिशेबात ते एक पाऊल कधी कधी उशिरा पडते, हे नाकारता येणार नाही. लिबरेटरच्या पोटात टाकी वाढविणारा अधिकारी आणि ब्रेकचा दांडा बारीक करणारा अभियंता यांची भेट झाली असती तर त्यांना एकमेकांची भाषा समजली असती.

चॅपमन १९८२ च्या डिसेंबरात हृदयविकाराने वारला, तो डेलोरियन या मोटारीच्या प्रकरणाची चौकशी दाराशी आली असता. बेलफास्टला व्हावयाच्या त्या गाडीची घडण लोटसने हेथेलला करून दिली होती आणि तिच्यासाठी आलेल्या पैशांपैकी मोठी रक्कम आडवाटेने गेली होती. लोटसच्या हिशेबनिसाला पुढे त्याबद्दल तुरुंगवास झाला. यानंतरची मालकी सात-बाराच्या उताऱ्यातल्या फेरफारांसारखी पालटत गेली: १९८६ मध्ये जनरल मोटर्स, १९९३ मध्ये बुगाटीचा इटालियन मालक रोमानो आर्तिओली, १९९६ मध्ये मलेशियाची प्रोटॉन, २०१७ मध्ये चीनची गीली. आर्तिओलीची नात एलिसा हिच्या नावाने जी एलिस गाडी निघाली, तिचा अॅल्युमिनियमचा सांगाडा, विमानाच्या जोडकामासारखा, गोंदाने चिकटविलेला होता. चॅपमन जाऊन दशकाहून अधिक काळ लोटला होता तरी हेथेलचे कारागीर त्याचा मंत्र विसरले नव्हते.

चाचणीचा मार्ग जुन्या धावपट्टीच्या आणि वळशाच्या अंगावरून आजही जातो. त्याच्या वळणांना रिंट, अँड्रेटी अशा चालकांची नावे आहेत आणि एकाला वाऱ्याची दिशा दाखविणाऱ्या पिशवीवरून ‘विंडसॉक’ म्हणतात. २०२१ मध्ये जाहीर झालेली एमिरा येथेच बनते. परंतु गीलीच्या अमलात लोटसच्या नावाने जी मोठी विजेची गाडी, इलेट्रे, निघाली, तिचे वजन अडीच टनांच्या घरात आहे आणि ती चीनमध्ये वूहानला तयार होते. २०२५ मध्ये कंपनीने ब्रिटनमधील शेकडो नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हा त्याची झळ पोचली ती मुख्यतः नॉर्फोकमधील याच आवाराला.